दुःखाच्या घरातलं तळण

माझ्या भावजयीबद्दल फरीदाबादेतले लोक दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं, बाई दगडाची आहे. कुणी म्हणतं, फार श्रद्धाळू हो, देवमाणूस. दोघांनाही काही ठाऊक नाही. मी तिची थोरली नणंद, अलकनंदा गोर्डे. नणंदेला भावजय जेवढी कळते तेवढी जन्मदात्या आईलाही कळत नाही, आणि मी काही तिची तळी उचलणाऱ्यांतली नव्हे. पोळीला तेल किती लावायचं यावरून आमचं दोघींचं आजही वाजतं. म्हणून तर माझं ऐका.

सुमित्रा मूळची जालन्याची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, घरात खाणारी तोंडं पुष्कळ आणि बोलणारं तोंड एकच, हिचं. माझ्या धाकट्या भावाशी, जयंतशी लग्न होऊन ती नगरला आमच्या घरी आली ती शॉर्टहँडचं पुस्तक पिशवीत घालूनच. पुढे पोटात मयुरा, नववा महिना, आणि ही परीक्षेला निघाली. आमची आई म्हणाली, अगं, पेपर चालू असताना कळा सुरू झाल्या तर? ही म्हणाली, "दाराजवळची जागा मागून घेतलीय." पास झाली आणि पुण्यात केंद्र सरकारच्या नोकरीत चिकटली. एकदा तिने ठरवलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ते बदलत नाही. ख्रिस्ती बाईच्या तोंडी ब्रह्मदेव कसा, असं विचारू नका; भाषा सगळ्यांची एकच असते.

मी फार आधीपासून दिल्लीत, सरकारी नोकरीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, एकटी. ही मंडळी आली त्र्याण्णवला. तेव्हा वारंच तसं होतं, परदेशी कंपन्या, नव्या गाड्या, नव्या वसाहती. जयंत पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता, त्याला फरीदाबादेतल्या एका नव्या कारखान्याने मोठ्या हुद्द्यावर बोलावून घेतलं. सुमित्राने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या कचेरीत बदली करून घेतली. नव्या सेक्टरात फ्लॅट मिळाला. तिथे लिफ्टसाठी जागा होती, लिफ्ट नव्हती. खांब होते, दिवे नव्हते. समोर मोहरीचं शेत आणि डोक्यावर केबलवाल्याच्या तारा. सकाळी सुमित्रा ऑफिसवाल्यांनी ठरवलेल्या चार्टर्ड बसने दिल्ली गाठायची आणि परत येताना बसमध्येच भाजी निवडून व्हायची.

पंजाबी शेजारणी तिला विचारायच्या, "आप लोग क्रिश्चियन हो? पर नाम तो सुमित्रा है." ती सांगायची, "नाम माँ-बाप ने रखा है जी, उनसे पूछिए." शेजारच्या फ्लॅटमध्ये देवयानी होती, पुण्याची, तिचा नवरा जयंतच्याच कारखान्यात. मराठी बोलायला एवढं एकच दार. दोघींची वाटी-वाटी साखर चालू असायची.

आणि मयुरा. एकुलती एक. अकरावीत गेलेली, उंच, कर्कश आवाजाची, आमच्या घरात कुणाचाच नव्हता असा हसण्याचा गडगडाट. मराठी बोलायची पण अर्धं हिंदी. मी रागावले की गळ्यात पडून म्हणायची, "आत्या, टेन्शन मत लो यार." नाताळच्या करंज्या कापायचं काम तिचं. कातण हा शब्द काही तिला शेवटपर्यंत आला नाही, ती "वो चक्री" म्हणायची. मी चिडायची. आता वाटतं, म्हणू दे की चक्री.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात दिल्लीत डेंगूची साथ आली. इस्पितळांत एकेका खाटेवर दोघं-दोघं होती. मयुराच्या खोलीच्या खिडकीत कूलर होता. उन्हाळा सरला तरी त्यातलं पाणी तसंच होतं. जयंत म्हणाला होता, रविवारी काढतो. पण नव्या कारखान्यात रविवार कुठला असायला? एक रविवार गेला, दुसरा गेला. मग पोरीला ताप भरला आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. ताप कूलरच्याच डासाने आला की शाळेतल्या, हे कुणाला सांगता आलं असतं? डॉक्टरलाही नाही. पण जयंतने इस्पितळातून घरी आल्या आल्या आधी तो कूलर उपसला, हातांनी उचलून जिन्यावरून खाली नेला आणि मोकळ्या प्लॉटमध्ये टाकून दिला. अजून पोरीला घरी आणलंही नव्हतं.

दफनाला चर्चची माणसं आली होती, पण ते सगळे हिंदीवाले. कबरीपाशी मराठी गीत म्हणायला आम्ही तिघं आणि माझ्या ऑफिसातले दोघं. माझा आवाज पहिल्याच कडव्यात बसला. जयंत तर नुसता उभा होता. सुमित्राने एकटीने सगळी कडवी म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत, माती पडत असताना. स्वर्गात पुन्हा भेटू, तिथे रडणं नाही, असं ते गीत. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात थरथर नाही. तिथूनच हे सुरू झालं, बाई दगडाची म्हणून. खरं सांगते, त्या दिवशी मलाही तिचा राग आला होता.

पंधरवड्यात ती कामावर रुजू झाली. रविवारी चर्चला जायला लागली, एकटी. आणि जयंत पार खचला. चर्चचं नाव काढू देईना. कामावरून सुटला की थेट कबरस्तानात, अंधार पडेपर्यंत तिथे बसायचा. घरी यायचा, ताटातलं चिवडायचा, झोपायचा. रडलासुद्धा नाही तो. घरातलं माणूस बोलायचं थांबलं की भांड्यांचा आवाज मोठा होतो, त्या घरात तेवढाच आवाज होता.

डिसेंबरात थंडी पडली. एका रविवारी मी जयंतला म्हटलं, चल, मीही येते तुझ्याबरोबर कबरस्तानात. गेलो. बघते तर कबरीवर कांबळं. पानिपतचं, जाड, लाल, मोठाल्या फुलांचं. नीट पसरलेलं आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवलेल्या. मला आधी कळेचना.

"हे काय रे जयंत?"

"थंडी आहे, आक्का," तो म्हणाला. "तिला थंडी सोसत नाही, तुला माहितेय."

एवढा शिकलेला इंजिनियर माणूस, हाताखाली दोनशे माणसं. विटा सरकल्या होत्या, त्या मी सरळ केल्या.

घरी येऊन सुमित्राला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "ठाऊक आहे. घरातली कांबळी कमी व्हायला लागली तेव्हाच कळलं. रात्री कुणीतरी उचलून नेतं, हे दुसरं नेतात. नेऊ दे, ज्याला थंडी वाजते त्याच्या अंगावर जातं." मग हात थांबवून म्हणाली, "पण ताई, मयुराला थंडी वाजत नाही. ती तिथे नाही. हे यांना पटलं नाही ना, तर एक दिवस हेही त्याच कबरीत जातील. मी पोरगी दिली. नवरा नाही देणार."

त्या दिवसापासून तिच्यापुढे हे एकच काम होतं. चार्टर्ड बस, कचेरी, स्वयंपाक, हे सगळं चालू ठेवून केलेलं.

आता एक रिवाज सांगते. आमच्याकडे ज्या घरात वर्षभरात माणूस गेलेलं असतं, त्या घरी नाताळाला तळण होत नाही. कढई चढत नाही. शेजारपाजारचे डबे आणून देतात, तेच खायचं. शास्त्रात हे कुठेच लिहिलेलं नाही. आजूबाजूच्या हिंदू घरांतला दिवाळीचा रिवाज आमच्या आज्यांनी उचलला आणि नाताळाला लावून टाकला. पण म्हणून काय तो मोडायचा? आमचा बाप गेला त्या वर्षी आईने पापडसुद्धा भाजले होते, तळले नव्हते.

आणि नाताळच्या दोन दिवस आधी हिचा मला ऑफिसात फोन. "ताई, चोवीसला रजा टाका आणि सकाळीच या. करंज्या करायच्यात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अडीच महिने नाही झाले पोर जाऊन. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

"अगं, जयंतला काय वाटेल?"

"त्यांच्यासाठीच करतेय," ती म्हणाली. "ताई, कबरीपाशी आपण काय गायलो? ती मेली, संपली, असं गायलो का? ती प्रभूच्या घरी गेली असं गायलो. मग ते खरं असेल तर ह्या वर्षी तिचा नाताळ तिथे आहे, आपल्यापेक्षा मोठा. आणि खोटं असेल तर तसं सांगा, मी कढई माळ्यावर टाकते आणि चर्चलाही जायचं बंद करते. अर्धं खरं नि अर्धं खोटं मला जमत नाही."

मी फोन ठेवून दिला. आदळलाच. पण चोवीसला सकाळी मी तिच्या दारात होते, येताना आमच्या बाजारातल्या गाजियाबादच्या भय्याकडचा चांगला खवा घेऊन. राग आपल्या जागी, पण खवा चांगलाच हवा.

दिवसभर आम्ही दोघी खपलो. सारण झालं, पीठ भिजलं. कापायला बसायची वेळ आली तेव्हा दोघीही एकदम पाणी प्यायला उठलो. मग मी कापायला बसले, वाकडंतिकडं.

चार वाजता बेल वाजली. देवयानी. हातात स्टीलचा मोठा डबा, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. बिचारीने मुद्दाम रजा काढून करंज्या नि चकल्या केल्या होत्या, दुःखाच्या घरी द्यायला. आत पाऊल टाकलं आणि तेलाचा वास आला तशी ती दारातच थबकली. पार गोरीमोरी झाली. "वहिनी, मला वाटलं... म्हणजे आमच्यात ना, ज्या घरी असं झालेलं असतं तिथे..."

"आमच्यातही तसंच आहे," सुमित्रा म्हणाली. "मी मोडतेय. डबा ठेव तिथे, हात धू आणि लाटायला बस. ताईंच्या करंज्या बघ, एकीची दुसरीला ओळख लागत नाही."

देवयानीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बस बाई, तिच्यापुढे कुणाचं चाललंय. ती बसली. लाटता लाटता मधेच रडायला लागली, आणि सुमित्रा तिला म्हणाली, "रड, पण पिठात पाणी पडू देऊ नकोस." आणि खरंच सांगते, आम्ही तिघीही हसलो. त्या घरात ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा.

सहा वाजता जयंत आला. बुटांना कबरस्तानातली माती. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. परातीत करंज्यांचा ढीग, कढईत घाणा चालू.

"कुणाचं लग्न आहे?" तो म्हणाला.

तो पुढे आला आणि त्याने गॅस बंद केला. मी आयुष्यात खूप भांडणं बघितलीत, पण त्या बटणाच्या कट् आवाजाने मी जेवढी घाबरले तेवढी कधी घाबरले नाही.

सुमित्राने काडी ओढली आणि गॅस परत पेटवला. "घाणा अर्धवट आहे. तेल निवलं तर करंज्या तेल पितात."

"सुमित्रा, माझी मुलगी मेलीय."

"माझीही मेलीय."

"मग तू हे कसं करतेस? कबरीपाशी उभी राहून गातेस. ऑफिसला जातेस. तुला सगळं किती सोपं आहे. स्वर्गात आहे म्हटलं की झालं." आणि मग तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. खालच्या आवाजात, झाऱ्याकडे बघत तो म्हणाला, "ती स्वर्गात सुखात आहे असं मी म्हटलं की मी सुटलो. पाणी मी काढलं नव्हतं. मला सुटायचं नाही."

देवयानी हळूच उठून बाहेर गेली. मीही जायला हवं होतं. गेले नाही.

सुमित्राने करंज्या उलटल्या. "तुम्ही सुटावं म्हणून मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तुमचं काय ते तुम्ही नि प्रभू बघून घ्या. पाणी काढलं नाही, हो, नाही काढलं. मीही रोज त्या खोलीत झाडत होते, मला दिसत नव्हतं का? पण आपण दोघं गुन्हेगार आहोत म्हणून पोरीने अंधारात थंडीत पडून राहायचं? आपली शिक्षा तिला का? ती बरी आहे. तुम्ही कसेही असा, मी कशीही असेन, ती बरी आहे. एवढंच मी म्हणतेय."

जयंत खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. सुमित्राने घाणा काढला, पुढचा सोडला. बोटांवर तेल उडालं, तिला कळलंही नाही. ते मी बघितलं, म्हणून तर मला कुणी दगडाची म्हटलेलं खपत नाही.

सात-साडेसातला चर्चची गाणारी मंडळी आली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती घरोघर जातात. दुःखाच्या घरी जायचं तर नुसती प्रार्थना करायची, ढोलकी वाजवायची नाही, असं त्यांचं ठरलेलं. पाद्रीसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "बहन जी, हम बस दो मिनट दुआ करेंगे."

"ढोलक कहाँ है?" सुमित्राने विचारलं.

"गाडी में है."

"ले आइए. मेरी बेटी ढोलक के बिना गाने नहीं देती थी."

ढोलकी आली. गायले ते, आधी बिचकत, मग मोकळेपणाने. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन उभे राहिले. बंद खोलीच्या दारामागे काय चाललं असेल या काळजीने माझं गाण्याकडे लक्षच नव्हतं. हा आता उठून निघून गेला तर? कबरस्तानात जाऊन बसला, ह्या थंडीत?

गाणी संपली की शेवटची प्रार्थना घरच्या कर्त्या माणसाने करायची असते. पाद्रीसाहेब घुटमळले. म्हणाले, मैं ही कर देता हूँ. सुमित्रा म्हणाली, "नहीं. ये करेंगे." आणि थांबली. सगळे थांबले. इतका वेळ कुणाला थांबवायचं म्हणजे निर्लज्जपणाच, मी तिला कोपराने ढोसलंसुद्धा. ती हलली नाही.

खोलीचं दार उघडलं. जयंत बाहेर आला, पायांत तेच मातीचे बूट. डोळे मिटले. मग मराठीत म्हणाला, ज्यांना कळेल त्यांना कळेल अशा आवाजात:

"प्रभू, कूलरचं पाणी मी काढलं नाही. तुला ठाऊक आहे. माझी मयुरा तुझ्याकडे आहे असं ही म्हणते. असेल तर तिला तिथे जप. मी इथे तिला जपलं नाही. तिला सांग, बाबा..."

पुढे त्याला बोलवेना. तो रडायला लागला, तोंड उघडून, लहान मुलासारखा. सुमित्राने त्याचा दंड धरला आणि त्याच्याऐवजी आमेन म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. जिन्यातल्या देवयानीनेही म्हटलं.

माणसं करंज्या खाऊन गेली. मी ताटं पुसत होते, सुमित्रा कढई घासत होती. जयंत स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला. हे त्याने दोन-अडीच महिन्यांत एकदाही केलं नव्हतं. मग म्हणाला, "तुला एवढं पक्कं कसं गं ठाऊक असतं?"

"पक्कं कुठलं," ती म्हणाली. मान वर न करताच. "रात्री झोपेपर्यंत सगळा विश्वास ओसरून गेलेला असतो. सकाळी जाग येते तेव्हा मयुरा कुठेच नसते. इथे नसते नि तिथेही नसते. मग मी अंथरुणावर बसते आणि ठरवते, ती प्रभूजवळ आहे. ठरेपर्यंत उठत नाही. कधी लगेच ठरतं. कधी ठरतच नाही, मग बस चुकते. ऑफिसात सांगते, ट्रॅफिक होता."

मी हातातलं ताट तसंच धरून उभी. इतकी वर्षं या बाईशी भांडले, पण हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही नाही. उशीला उशी लावून तो झोपत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

जयंतने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून बाहेर ठेवून आला.

"किती वाजता उठतेस?" त्याने विचारलं.

"पाचला."

"उद्यापासून मलाही उठव."